ऑर्डर ऑफ द ॲरोचे समारंभ आणि नृत्यस्पर्धा: मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत कितीतरी मराठी घरांतली मुलं स्काऊटिंगमध्ये आहेत. त्यातलं एखादं ऑर्डर ऑफ द ॲरोमध्ये निवडलं गेलं, की घरी प्रश्नांची रांग लागते. हे समारंभ कसले, डोक्यावर पिसं लावलेले जुने फोटो कुठले, मुलं कुणाचे नाच करत होती आणि का? या प्रश्नांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. काही उत्तरं लांबली आहेत, पण दोन ओळींत ती सांगितली असती तर अर्धवट राहिली असती.

ऑर्डर ऑफ द ॲरो म्हणजे काय? मुलगा ‘निवडून आला’ म्हणजे नेमकं काय झालं?

बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका (फेब्रुवारी 2025 पासून स्काऊटिंग अमेरिका) या संघटनेतली ही मानाची संस्था. इथे अर्ज करून प्रवेश मिळत नाही. स्काऊटिंगमधल्या फर्स्ट क्लास या पायरीपर्यंत पोचलेल्या आणि ठरलेल्या रात्री कॅम्पमध्ये काढलेल्या मुलाला त्याच्याच ट्रूपमधली, म्हणजे तुकडीतली, मुलं मतदानाने निवडतात. मत देणाऱ्यांमध्ये बहुतेक जण स्वतः या संस्थेचे सदस्य नसतात. मोठ्यांनी किंवा आधीच्या सदस्यांनी निवड करायची नाही, तंबूत शेजारी झोपणाऱ्या, सोबत भांडी घासणाऱ्या मुलांनी करायची, ही पद्धत पहिल्यापासूनची. मला या संस्थेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. तुमचा मुलगा निवडला गेला असेल तर आधी त्याचं मनापासून कौतुक करा, बाकीचे प्रश्न नंतर.

लॉज म्हणजे?

स्थानिक शाखा. स्काऊटिंगच्या एका कौन्सिलला, म्हणजे प्रादेशिक मंडळाला, एक लॉज. प्रत्येक लॉजला नाव असतं, बहुतेक अमेरिकेच्या मूळ निवाशांच्या भाषेतलं, आणि एक चिन्ह. लॉजचा प्रमुख 21 वर्षांखालचाच असतो. मोठी माणसं सल्लागार असतात, त्यांना मत नसतं. सर्वांत जुनी लॉज फिलाडेल्फियाची ‘उनामी लॉज वन’.

सुरुवात कुठे झाली?

डेलावेअर नदी पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीच्या मधून वाहते. तिच्या पात्रात ट्रेझर आयलंड नावाचं बेट आहे आणि त्यावर फिलाडेल्फियाच्या स्काऊटांचा उन्हाळी कॅम्प असे. 1915 साली कॅम्पचे संचालक होते अर्नर गुडमन आणि त्यांचे सहायक कॅरल एडसन. दोघंही विशीतले. कॅम्पमध्ये जी मुलं निमूटपणे इतरांसाठी राबतात त्यांना काहीतरी मान मिळावा, आणि तो मुलांनीच द्यावा, असं त्यांच्या मनात होतं. 16 जुलै 1915 च्या रात्री बेटाच्या दक्षिण टोकाकडच्या झाडीत पहिला समारंभ झाला. संस्थेचं तेव्हाचं नाव लेनापे भाषेतून घेतलेलं, विमाख्टेंडिएन्क. डेलावेअर नदीचं खोरं ही लेनापे या मूळ निवासी लोकांची भूमी, म्हणून ती भाषा.

एक तपशील सहसा कुणी सांगत नाही. त्या सुरुवातीच्या समारंभांत गुडमन आणि एडसन काळे झगे घालत. पिसांचा मुकुट, मणीकाम, रंगवलेले चेहरे हे सगळं नंतर आलं. पुढची उत्तरं वाचताना हे लक्षात ठेवा, कारण ‘पोशाख गेला की समारंभच गेला’ असं म्हणणारे लोक तुम्हाला भेटतील.

मग मूळ निवाशांचा पोशाख आणि नाच कुठून आले?

अमेरिकन स्काऊटिंगमध्ये ही ओढ अगदी पायापासून होती. अर्नेस्ट थॉम्पसन सेटन यांनी 1902 मध्ये ‘वुडक्राफ्ट इंडियन्स’ नावाचा मुलांचा गट काढला होता, आणि 1910 मध्ये बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका सुरू झाली तेव्हा तिचे पहिले चीफ स्काऊट तेच झाले. डकोटा समाजातले डॉक्टर चार्ल्स ईस्टमन, म्हणजेच ओहियेसा, हेही त्या काळात स्काऊटांसाठी लिहीत आणि बोलत. म्हणजे आत एक मूळ निवासी आवाज होता, पण तसे आवाज फार थोडे. बाकी सगळं गोऱ्या मंडळींनी वाचून, पाहून, कल्पना करून उभं केलेलं. गुडमन आणि एडसन यांच्या डोक्यातही जेम्स फेनिमोर कूपर यांच्या कादंबरीतले चिंगाचगुक आणि उंकस होतेच.

पुढे राल्फ हबर्ड यांच्यासारख्या अभ्यासूंनी स्काऊटांचे नृत्यसंघ बांधले. 1950 नंतर हौशी लोकांची एक मोठी चळवळच उभी राहिली. हे लोक वस्तुसंग्रहालयांत बसून कपड्यांचे टाके मोजत, ओक्लाहोमातल्या पॉववॉवला, म्हणजे मूळ निवाशांच्या नाच-गाण्यांच्या मेळाव्यांना, जाऊन गाणी शिकत. लॉजमधल्या नृत्यसंघांचे शिक्षक बहुधा याच वर्तुळातले.

समारंभ किती प्रकारचे असतात? ते गुप्त असतात का?

सदस्यत्वाच्या तीन पायऱ्या आहेत: ऑर्डील, ब्रदरहुड आणि व्हिजिल ऑनर. प्रत्येकीचा वेगळा समारंभ. ऑर्डीलच्या समारंभाआधी मुलगा एक रात्र उघड्यावर एकटा झोपतो, दुसऱ्या दिवशी मौन पाळून श्रमदान करतो आणि बेताचं जेवतो. पांढऱ्या सॅशवरचा (खांद्यावरून तिरप्या घ्यायच्या पट्ट्यावरचा) लाल बाण त्यानंतर मिळतो. ब्रदरहुडच्या सॅशवर बाणाच्या दोन्ही टोकांना लाल पट्टे, तर व्हिजिलच्या सॅशवर त्रिकोण असतो.

समारंभाची संहिता सगळीकडे वाटत नाहीत, कारण मुलाला ते पहिल्यांदा अनुभवता यावं अशी इच्छा असते. पण आईवडिलांपासून काही लपवायचं नाही, असा संस्थेचा नियमच आहे. मनात शंका असेल तर लॉजच्या सल्लागारांना भेटा, ते सगळं समजावून सांगतात. मजकूर मीही इथे देत नाही. मुलाची ती रात्र त्याची राहू द्या.

उपाशी ठेवतात का? शाकाहारी मुलाचं काय?

उपाशी ठेवत नाहीत, कमी देतात. औषधं, आजार, आहाराचं पथ्य हे आधी लेखी कळवा. तशी सोय करतात.

समारंभाची ‘स्पर्धा’ कशी काय होऊ शकते?

हा प्रश्न मराठी माणूस विचारणारच. व्रताची कुणी स्पर्धा लावतं का? पण स्पर्धा उमेदवारांची नव्हती, समारंभ सादर करणाऱ्या संघांची होती. मुख्य भूमिका चार: प्रमुख अलोवाट साकिमा, वैद्य मेतेउ, पहारेकरी नुतिकेत आणि वाटाड्या किचकिनेत. त्या 21 वर्षांखालच्या मुलांनीच करायच्या, मोठ्यांना मनाई. संहिता लांब, भाषा जुन्या धाटणीची आणि हातात कागद धरायचा नाही. काही लॉजमध्ये समारंभ उत्तम होई, काहींमध्ये मुलं अडखळत, पुटपुटत, आणि उमेदवाराला दिवसभराच्या मौनानंतर एक रटाळ वाचन ऐकावं लागे. दर्जा सुधारावा म्हणून मोठ्या मेळाव्यांमध्ये संघांचं मूल्यमापन सुरू झालं.

परीक्षक पाठांतर बघत, शब्दन् शब्द. त्याखेरीज उच्चार, आवाजाची फेक, हातवारे, चौघांचा मेळ. काही ठिकाणी पोशाखालाही गुण असत. एकाने सू लोकांचा मुकुट आणि दुसऱ्याने पूर्वेकडच्या जंगलातल्या लोकांची कातडी बंडी घातली असेल तर परीक्षक हटकत, कारण सगळ्यांचा पोशाख एकाच समाजाचा असावा असा आग्रह होता. शेवटी परीक्षक मुलांना बसवून कुठे काय सुधारता येईल ते सांगत, आणि माझ्या मते खरा फायदा त्या बोलण्याचाच होता. चौदा वर्षांचा मुलगा रात्री जळत्या शेकोटीजवळ उभा आहे, धुराने डोळे चुरचुरताहेत, समोर पन्नास अनोळखी माणसं, आणि त्याला दीड पानाचं भाषण एकही शब्द न चुकता, न घाईत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं आहे. हे ज्याने केलं त्याला पुढे कॉलेजच्या मुलाखतीची भीती वाटत नाही.

या स्पर्धा कुठे भरत?

तीन पातळ्यांवर. लॉजच्या स्वतःच्या शिबिरात, शेजारच्या अनेक लॉज मिळून भरणाऱ्या वार्षिक कॉन्क्लेव्हमध्ये आणि सर्वांत वर राष्ट्रीय परिषदेत. तिला सगळे ‘नोॲक’ म्हणतात. संस्थेची पहिली राष्ट्रीय बैठक 1921 मध्ये झाली. 1948 मध्ये इंडियाना विद्यापीठात नोॲक भरलं, आणि त्याच वर्षी संस्था बॉय स्काऊट्समध्ये पूर्णपणे सामावली गेली. नोॲक साधारण दर दोन वर्षांनी कुठल्यातरी विद्यापीठाच्या आवारात होतं. शताब्दीच्या वर्षी, 2015 मध्ये, मिशिगन स्टेट विद्यापीठात जवळजवळ 15,000 लोक जमले होते.

नृत्यस्पर्धेत कोणते नाच असत?

एकट्याच्या नाचाचे मुख्य प्रकार चार. चारही खऱ्याखुऱ्या मूळ निवासी समाजांचे, पॉववॉवमध्ये आजही नाचले जाणारे.

*फॅन्सी डान्स* ओक्लाहोमातून आला. पाँका लोकांमध्ये 1920 च्या दशकात तो बहरला. पाठीवर पिसांची दोन चक्रं, एक मानेखाली, एक कमरेवर. गती प्रचंड, गिरक्या, उड्या, आणि ढोल मध्येच थांबून नाचणाऱ्याला चकवतो. मुलांचा लाडका प्रकार हाच.

*ग्रास डान्स* उत्तरेकडच्या मैदानांतला. पोशाखाला लोकरीच्या किंवा रिबिनीच्या लांब झालरी, आणि वाऱ्यावर गवत डोलावं तसं अंग डोलतं. उजव्या पायाने जे केलं ते डाव्याने पुन्हा करायचं.

*स्ट्रेट डान्स* दक्षिणेकडचा, पाठीवर पिसांचं चक्र नाही, चाल भारदस्त. शिकारी माग काढत चालला आहे असा भाव. पाहायला सोपा आणि करायला सर्वांत अवघड, कारण लपायला गिरकी नाही.

*नॉर्दर्न ट्रॅडिशनल* मध्ये कमरेवर एकच चक्र असतं आणि नाचातून लढाईची किंवा शिकारीची हकिगत सांगितली जाते.

याशिवाय संघनृत्य आणि ढोलावर गाणाऱ्यांची स्पर्धा वेगळी. मोठ्या ढोलाभोवती मुलं गोल बसत आणि गाणी त्या त्या भाषेत पाठ करत. गाणाऱ्यांकडे प्रेक्षकांचं लक्ष जात नसे. पण नाचणाऱ्याचं सगळं त्यांच्याच हातात असे.

निकाल कसा लागे?

सर्वांत पहिली कसोटी म्हणजे शेवटचा ठोका. ढोल थांबला त्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर असले पाहिजेत. अर्धं पाऊल पुढे गेलं की गेलात. त्यासाठी गाणं आतून माहीत असावं लागतं, किती कडवी, शेवट कसा जवळ येतो. दुसरं, पोशाखातलं काहीही खाली पडलं, एखादं पीस, घुंगरू, पट्टा, तर बाद. मग ताल, पदन्यासाची विविधता, त्या प्रकाराची शैली सांभाळली का, आणि पोशाखाचं काम. पॉववॉवमधले परीक्षकही साधारण हेच बघतात.

पोशाख विकत मिळतात का? पिसं गरुडाची असतात का?

सुटं साहित्य विकत मिळतं, पण चांगले नाचणारे पोशाख स्वतः बनवत. एक हिवाळा मणीकामात जाई. बारीक सुई, मेण लावलेला दोरा, एकाआड एक ओळ. डोक्यावरचा तुरा म्हणजे ‘रोच’, तो साळिंदराच्या लांब केसांचा आणि हरणाच्या शेपटीच्या केसांचा. केसांच्या छोट्या छोट्या जुड्या दोऱ्याने एकीला एक बांधत जायचं आणि मग ती पट्टी गोल शिवायची. तो नीट उभा राहावा म्हणून वापरून झाला की काठीभोवती गुंडाळून ठेवायचा. पंधरा वर्षांच्या मुलाने आठ महिने खपून केलेला रोच हातात घेतला की हे नुसतं सोंग नव्हतं हे कळतं.

पिसं गरुडाची नाहीत. अमेरिकेत बाल्ड ईगलला 1940 च्या कायद्याने संरक्षण मिळालं, 1962 मध्ये त्यात गोल्डन ईगलही आला. या पक्ष्यांचं एक पीसही जवळ ठेवणं गुन्हा आहे. सवलत आहे ती फक्त सरकारमान्य मूळ निवासी समाजांच्या सदस्यांना, त्यांच्या धर्मकार्यासाठी. त्यांनाही कोलोरॅडोतल्या राष्ट्रीय भांडारात अर्ज करून वाट पाहावी लागते. म्हणूनच स्काऊट टर्कीची पांढरी पिसं घेऊन टोकं काळी-तपकिरी रंगवत. घरी आजोबांच्या पेटीतून किंवा जुन्या लॉजच्या ट्रंकेतून खरी गरुडपिसं निघाली तर मुलाला ती लावू देऊ नका.

कोशारे डान्सर्स म्हणजे कोण? ती एखादी लॉज आहे का?

लॉज नाही, कोलोरॅडोतल्या ला हुंटा गावचा स्काऊट ट्रूप. 1933 मध्ये बक बर्शीअर्स यांनी त्यांचा नृत्यसंघ सुरू केला. लवकरच तो देशभर दौरे करू लागला आणि अनेक लॉजच्या संघांनी त्यांच्याकडे पाहूनच सुरुवात केली. त्यांची एक हकिगत प्रत्येक लॉजमध्ये सांगितली जावी असं मला वाटतं. 1950 च्या दशकात या मुलांनी न्यू मेक्सिकोतल्या झुनी लोकांच्या शालाको विधीचे मुखवटे हुबेहूब बनवले होते. झुनींचे प्रतिनिधी पाहायला आले. त्यांच्या दृष्टीने ती नक्कल नव्हतीच. इतक्या नेमकेपणाने घडवलेले मुखवटे खरे ठरतात आणि त्यांची जागा झुनींच्या गावात आहे, असं त्यांचं म्हणणं. मुलांनी मुखवटे झुनींच्या स्वाधीन केले आणि तो नाच बंद केला. पुढे 2015 मध्ये ॲरिझोनातल्या होपी या मूळ निवासी लोकांनी आक्षेप घेतल्यावर संघाने आपले हिवाळी कार्यक्रम रद्द केले.

इतकी मेहनत आणि आदर असताना आक्षेप कशाला?

या पानावरचा हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहू.

1883 मध्ये अमेरिकी सरकारने मूळ निवाशांच्या राखीव क्षेत्रांसाठी नियमावली काढली. तिच्यानुसार सूर्यनृत्यासारखे विधी गुन्हा ठरले. शिक्षा म्हणून शिधा बंद करत, कोठडीत टाकत. 1879 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावात एक निवासी शाळा निघाली होती. तिथे दूरदूरच्या समाजांतली मुलं आणून त्यांचे केस कापत, त्यांना स्वतःची भाषा बोलू देत नसत. ती शाळा 1918 पर्यंत चालली. 1921 मध्ये, म्हणजे ऑर्डर ऑफ द ॲरोची पहिली राष्ट्रीय बैठक झाली त्याच वर्षी, सरकारी आयुक्तांनी नाचांवर आणखी कडक बंधनं घालणारं परिपत्रक काढलं. नाचांवरची ही बंदी 1934 मध्ये उठली, आणि धर्मस्वातंत्र्याचा स्वतंत्र कायदा व्हायला 1978 उजाडलं.

म्हणजे ट्रेझर आयलंडवर गोरी मुलं लेनापे शब्द अभिमानाने उच्चारत होती, तेव्हा कार्लाइलमध्ये मूळ निवासी मुलांना आपलेच शब्द बोलल्याबद्दल शिक्षा होत होती. लेनापे लोक तर डेलावेअरच्या खोऱ्यात फारसे उरलेच नव्हते. 1737 च्या ‘वॉकिंग पर्चेस’ या फसव्या जमीनखरेदीपासून त्यांना पश्चिमेकडे ढकलत नेलं होतं. आज त्यांचे मोठे समाज ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन आणि कॅनडातल्या ओंटारिओत आहेत. आणि समारंभात लेनापे नावं घेणारे प्रमुख डोक्यावर घालत तो लांब पिसांचा मुकुट मात्र हजार मैल दूरच्या मैदानी समाजांचा.

आपल्याकडे शाळेच्या गॅदरिंगला पानांचे घागरे बांधून आणि अंगाला काळा रंग फासून ‘आदिवासी नृत्य’ होतं, ते आठवा. ज्यांचा तारपा, ज्यांचा ढोल, त्यांच्यातलं कुणी त्या सभागृहात नसतं. बसवणाऱ्या बाईंचा हेतू वाईट नसतो, मुलं जीव तोडून नाचतात. तरी पालघरच्या वारली मुलाने ते पाहिलं तर त्याला काय वाटेल, हा प्रश्न उरतोच. स्काऊटांनी त्या गॅदरिंगपेक्षा कितीतरी जास्त अभ्यास केला होता. प्रश्न मात्र तोच.

सगळ्या मूळ निवाशांचा विरोध आहे का?

नाही, आणि तसं सांगणं त्यांच्यावर अन्याय होईल. काही ठिकाणी मूळ निवासी नर्तक आणि गायकांनी स्वतः स्काऊटांना शिकवलं, पॉववॉवच्या वर्तुळात घेतलं, परीक्षक म्हणून बसले. काही कुटुंबांची मुलं स्वतः स्काऊट आहेत. दुसरीकडे, परवानगी न घेता पवित्र वस्तूंचा वापर झाला याचा राग अनेकांना आहे, आणि तो रास्त आहे. एका समाजाने दिलेली परवानगी दुसऱ्याला लागू होत नाही. होपींचा होकार किंवा नकार पाँकांच्या वतीने धरता येत नाही. ज्याचा नाच, त्यालाच विचारायचं.

नियम कसे बदलले?

एका झटक्यात नाही. आधी पोशाखाच्या अचूकतेवर भर आला, मग चेहरे रंगवण्यावर आणि पवित्र वस्तूंवर बंधनं. 1 जानेवारी 2019 पासून कब स्काऊटांना, म्हणजे लहान वयाच्या स्काऊटांना, मोठ्या मुलांच्या ट्रूपमध्ये पोचवण्याचे ‘क्रॉसओव्हर’ समारंभ लॉजने मूळ निवाशांच्या पोशाखात करायचे नाहीत, असं राष्ट्रीय समितीने ठरवलं. त्यासाठी गणवेश आणि सॅश घालून करायची नवी संहिता आली. तुमच्या लॉजमध्ये आज काय चालतं ते सल्लागारांना थेट विचारा. विचारण्यात संकोच नको.

काही जुनी मंडळी या बदलाने दुखावली आहेत. ज्यांनी आयुष्यातले हिवाळे मणीकामात घातले, त्यांचं दुःख मी समजू शकते. पण समारंभ टिकतो तो मुलांनी मुलांना दिलेल्या मानावर, आणि 1915 मध्ये तो पिसांशिवायच दिला गेला होता.

मुली या समारंभांत असतात का?

हो. फेब्रुवारी 2019 पासून मुली स्काऊट्स बीएसए या मोठ्या मुलांच्या कार्यक्रमात आल्या आणि तिथून या संस्थेतही. मोठ्या स्त्रियांना त्याआधीच, 1988 पासून, प्रवेश होता.

भारतात अशी लॉज आहे का?

नाही. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही वेगळी संघटना, 1950 मध्ये स्थापन झालेली. ऑर्डर ऑफ द ॲरो अमेरिकन स्काऊटिंगपुरतीच आहे.

मुलाला आपल्या लॉजचा इतिहास लिहायचा आहे. त्याने काय नोंदवावं?

करंडकांची यादी सगळेच करतात. त्यापलीकडे जायला सांगा. संघाला नाच कुणी शिकवला? ती व्यक्ती कोणत्या समाजाची? गाणी कुठून आली, कुणाची परवानगी होती? लॉजच्या ट्रंकेत आज काय पडून आहे? जुन्या फोटोंतल्या माणसांशी बोलायचं असेल तर वेळ दवडू नका, 1950-60 च्या दशकांत नाचलेले आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. फोटोमागे नावं लिहून घ्या. ज्या समाजाचं नाव लॉजने घेतलं आहे त्यांच्या सांस्कृतिक कार्यालयाला एक सभ्य पत्र लिहा. बहुतेकदा उत्तर येतं, आणि इतिहासाचं सर्वांत मोलाचं पान कदाचित तेच ठरेल.

मुलाला हे नाच खरंच पाहायचे आहेत. कुठे न्यावं?

सार्वजनिक पॉववॉवला. न्यू जर्सीत नँटिकोक लेनी-लेनापे समाजाचा पॉववॉव जूनमध्ये सेलम काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर भरतो. ओक्लाहोमात तर उन्हाळाभर कुठे ना कुठे असतोच. ‘ग्रँड एंट्री’, म्हणजे नाचणाऱ्यांची सुरुवातीची मिरवणूक, सुरू झाली की उभं राहायचं आणि टोपी काढायची. नाचणाऱ्याच्या कपड्यांना हात लावायचा नाही, जवळून फोटो काढण्याआधी विचारायचं. जमिनीवर पीस पडलेलं दिसलं तर उचलायचं नाही, जवळच्या कार्यकर्त्याला सांगायचं, त्याचा वेगळा विधी असतो. निवेदकाने ‘इंटरट्रायबल’ पुकारून सगळ्यांना बोलावलं की मात्र मुलाला बिनधास्त वर्तुळात जाऊ द्या. तेव्हा पोशाख लागत नाही, ढोलाच्या तालावर चालता आलं की पुरे.